आईवडील वेगळे होताना मुलं काय काय सांभाळत असतात?

काठावरची

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच. माझी मोठी बहीण आणि भाऊजी वेगळे झालेत. घटस्फोटाचे कागद व्हायचेत अजून, पण घरं दोन झाली आहेत. मारहाण नव्हती, आरडाओरडाही नव्हता. बोलणंच संपलं होतं. भाचा दहा वर्षांचा, भाची पाच. मी जवळच राहते, त्यामुळे मुलांचं माझ्याकडे सतत येणंजाणं असतं.

भाचीचं जे काय आहे ते निदान डोळ्यांना दिसतं. कोणीही घराबाहेर पडलं की "किती वाजता येणार?" विचारते. कचरा टाकायला गेलं तरी विचारते. सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात गेलाय. रडते, हट्ट करते, मग कुशीत शिरून झोपते.

मला धास्ती आहे ती भाच्याची. तो एकदम शहाण्यासारखा वागायला लागलाय. अभ्यास वेळेवर, बहिणीचं दप्तर भरून देतो, ताईचा चेहरा जरा उतरला की पाणी आणून ठेवतो. नातेवाईक कौतुक करतात, "किती समजूतदार आहे, किती छान घेतलंय त्याने!" मला त्यात छान काही दिसत नाही. बाबांकडून आला की तिकडचं अवाक्षर काढत नाही. भाऊजी म्हणतात, तिकडेही इथलं काही बोलत नाही. परवा मला हळूच म्हणाला, "मावशी, बाबांकडे असलो की मी पोहायला जातो ते आईला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल."

दहा वर्षांच्या मुलाने स्वतःचं पोहणं लपवायचं?

जे स्वतः यातून गेलेत, ज्यांनी जवळून पाहिलंय किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया लिहा. मुलं यातून कशी निभावतात? आणि माझ्यासारख्या बाजूच्या माणसाने काय करावं, काय करू नये? नुसता धीर नकोय, खरं काय होतं ते हवंय.

रानवाट

वाचतेय. माझ्याही जवळच्या घरात हेच चाललंय, त्यामुळे इथे काय येतं याची वाट बघते.

उत्तरायण

काठावरची, तुमच्या भाच्याचं वाचून छातीत कळ आली. ते पोहणं मला नेमकं माहीत आहे.

माझे आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आता चाळिशी ओलांडली. प्रत्यक्ष वेगळं होणं फारसं आठवत नाही. सामान हललं, खोली बदलली, शाळा तीच राहिली. आठवतात ते निरोप. "बाबांना सांग, फीचे पैसे अजून आलेले नाहीत." "आईला सांग, या शनिवारी मला जमणार नाही." हे निरोप मी जसेच्या तसे कधीच पोचवले नाहीत. वाटेत त्यांची धार बोथट करायचो. "बाबा म्हणाले सॉरी, खूप काम आहे." बाबा सॉरी म्हणालेले नसायचे. "आई म्हणाली, जमेल तेव्हा द्या." आईने असं काही म्हटलेलं नसायचं. वर कोणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं, कारण पुढच्या वेळी ताळमेळ बसला पाहिजे.

घरात भांडण होत नव्हतं, कारण ते सगळं भांडण माझ्या पोटातून जात होतं. शनिवारी सकाळी हमखास पोट दुखायचं. डॉक्टर तपासायचे, काही निघायचं नाही.

तुम्ही विचारलंत ना, बाजूच्या माणसाने काय करावं? माझ्या आत्याच्या हे लक्षात आलं. तिने मला काहीही विचारलं नाही. आईला आणि बाबांना स्वतंत्रपणे सांगितलं, "याच्या तोंडी निरोप द्यायचा नाही. एकमेकांशी बोलवत नसेल तर मला फोन करा, मी पोचवीन." पुढची काही वर्षं तिने खरंच ते केलं. तिलाही ते सोपं गेलं नसणार, दोघंही तिच्यावर चिडायचे. पण माझी पोटदुखी गेली.

मी कसा निभावलो याचं कोणी एक कारण विचारलं तर मी आत्याचं नाव सांगेन.

खडूफळा

मी शिक्षिका आहे, खूप वर्षं वर्गावर आहे. उत्तरायण यांनी लिहिलेली शनिवारची पोटदुखी आम्हाला शुक्रवारी दिसते. आठवडाभर नीट असलेलं मूल शुक्रवारी दुपारी पेन मोडतं, शेजारच्याला ढकलतं किंवा डोकं बाकावर ठेवून पडतं. काही मुलं घर बदलून आलेल्या सोमवारी तशी असतात. मंगळवारपर्यंत गाडी रुळावर येते. वार लक्षात घेतला नाही तर आपण त्या मुलाला बेशिस्त ठरवून मोकळे होतो.

आणि हो, अती शहाणी मुलंही दिसतात. ज्यांच्या वहीत खाडाखोड नसते, जी कधी काही मागत नाहीत. दंगा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, यांच्याकडे जात नाही. काठावरची, तुमचं लक्ष गेलंय ही मोठी गोष्ट आहे.

दोन विनंत्या. वर्गशिक्षकांना कळवा. तपशील नको, "घरात बदल झालाय, दोन घरं आहेत" एवढं पुरतं. आणि शाळेचा निरोप, प्रगतिपुस्तक, पालकसभेची सूचना दोन्ही पालकांना शाळेकडूनच थेट मिळेल अशी व्यवस्था करून घ्या. नाहीतर तीही मुलाच्याच दप्तरातून जाते. स्नेहसंमेलनात व्यासपीठावर उभं असलेलं मूल प्रेक्षकांत कोण कुठे बसलंय ते मोजत असतं. आई डावीकडे, बाबा मागे, आता कोणाकडे बघून हात हलवायचा? नाच विसरायला तेवढं पुरतं. दोघांना शेजारी बसायला जमत नसेल तर निदान मुलाला आधी सांगून ठेवा की दोघं येणार आहेत, कुठे बसणार आहेत आणि संपल्यावर ते कोणाबरोबर घरी जाणार आहे.

जुनाजाणता

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आमच्या पिढीत पटत नाही म्हणून कोणी घर मोडत नसे. भांड्याला भांडं लागतंच. मुलं लहान असताना नवरा-बायकोने आपापलं दुःख गिळावं असं मला मनापासून वाटतं. आईबापांचं एकमेकांवर किती प्रेम आहे हे मुलं मोजत नाहीत, त्यांना दोघं एका छपराखाली हवे असतात. धागाकर्तीच्या बहिणीकडे मारहाण नाही, भांडणं नाहीत. मग मुलांकडे बघून दहा वर्षं काढता आली नसती का?

पुन्हापहाट

जुनाजाणता, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय. पण प्रत्येक छप्पर सारखं नसतं. माझ्याकडे मारहाण होती. माझी मुलं "एका छपराखाली" पलंगाखाली लपायची. वेगळे झाल्यावर धाकट्याने पहिल्यांदा सलग रात्रभर झोप घेतली.

याच संदर्भात आणखी एक. "मुलांना दोघंही मिळायला हवेत" हे वाक्य सरसकट कोणाच्याही तोंडावर फेकू नका. जिथे हिंसा आहे तिथे भेटीगाठी आधी सुरक्षित असल्या पाहिजेत, तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली असल्या पाहिजेत, आणि कधीकधी होताच कामा नयेत. माझ्या मुलांना वडिलांची आठवण येते. येऊ दे, मी ती अडवत नाही. थोरला त्यांच्याबद्दल बोलतो तेव्हा ऐकते. पण भेट जी होते ती नियमाने होते.

शब्दसावली

मी मुलांची समुपदेशक आहे. सविस्तर लिहिते, कारण इथे आलेला प्रत्येक मुद्दा महत्त्वाचा आहे.

आधी जुनाजाणता यांचा प्रश्न, कारण तो झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेत पॉल अमाटो आणि ॲलन बूथ या समाजशास्त्रज्ञांनी १९८० पासून बारा वर्षं विवाहित जोडप्यांचा आणि त्यांच्या मोठ्या होत गेलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. १९९५ मध्ये लॉरा लूमिस यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या निबंधात निघालेलं चित्र दुहेरी होतं. जिथे संघर्ष तीव्र होता तिथली मुलं आईवडील वेगळे झाल्यावर तरुणपणी अधिक चांगल्या स्थितीत होती, तशाच संघर्षात संसार ओढत राहिलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा. म्हणजे पुन्हापहाट यांचं बरोबर. पण जिथे वरवर शांतता होती तिथल्या मुलांना वेगळं होणं जास्त जड गेलं. म्हणजे जुनाजाणता यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कारण समजण्यासारखं आहे: धगधगत्या घरातल्या मुलाला सुटका वाटते. शांत घरातल्या मुलाला काही कळायच्या आत जमीन सरकते.

काठावरची यांच्या बहिणीचं घर या दुसऱ्या प्रकारचं. म्हणून मुलांना कारण दिसत नाही आणि ती कारण स्वतःत शोधतात. इथे निर्णय बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मुलांना तो निर्णय समजेल अशा भाषेत सांगितला गेला का, एवढंच मी विचारीन.

आता मूळ प्रश्न, मुलं निभावतात का? बहुतेक निभावतात. १९९१ मध्ये अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी ९२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून १३ हजारांहून जास्त मुलं होती. घटस्फोटित घरांतली मुलं सरासरीने थोडी मागे होती, पण फरक लहान होता. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १,४०० कुटुंबांचा काही दशकं अभ्यास केला. त्यांच्या आकड्यांनुसार गंभीर अडचणी उरलेली मुलं २० ते २५ टक्के, आणि एकत्र घरांतल्या मुलांमध्ये हेच प्रमाण १० टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत. धोका किमान दुप्पट होतो हे खरं, आणि चारांतली तीन मुलं सावरतात हेही तितकंच खरं.

उलट ज्यूडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांना पंचवीस वर्षं भेटत राहून सांगितलं की सल आत राहतो आणि मोठेपणी स्वतःचं नातं जोडायची वेळ आली की वर येतो. त्यांचा नमुना लहान आणि एकाच वर्गातला असल्याची टीका झाली, ती योग्यही आहे. पण माझ्यासमोर बसलेल्या तिशीतल्या माणसांकडून मी असं ऐकलेलं आहे, त्यामुळे वॉलरस्टीन यांना मी बाजूला सारत नाही. चांगले गुण, नोकरी, मित्रमंडळी हे सगळं असूनही मनात दुखरी जागा असू शकते. "निभावलं" आणि "दुखलं नाही" यांत फरक आहे.

आणि उत्तरायण यांचे निरोप. स्टॅनफर्डच्या क्रिस्टी बुकॅनन, एलिनॉर मॅकोबी आणि सॅनफर्ड डॉर्नबुश यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच तपासलं. आईवडील वेगळे होऊन साडेचार वर्षं झालेल्या, साडेदहा ते अठरा वयाच्या पाचशेहून जास्त मुलांशी ते बोलले. तुला निरोप न्यायला लावतात का? दुसऱ्या घरातलं विचारतात का? एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात बोलायची चोरी वाटते का? ज्या मुलांना आपण दोघांच्या मध्ये अडकलोय असं वाटत होतं, त्यांच्यात उदासी जास्त होती, वर्तनाच्या अडचणी जास्त होत्या. आणि हे अडकणं मुख्यतः आईवडिलांमधल्या वैरावर अवलंबून होतं. दोन्ही घरांत राहणारी मुलं, आईवडील एकमेकांना सहकार्य करत असतील तर छान होती. वैर असेल तर तीच मुलं सगळ्यांत जास्त अडकलेली होती.

म्हणून काठावरची, भाच्याचं ते पोहणं गंभीरपणे घ्या. त्याचा एक आनंद त्याला चोरीचा वाटतोय.

काठावरची

शब्दसावली, उत्तरायण, खडूफळा, सगळ्यांचे मनापासून आभार. परत परत वाचतेय.

एक विचारते. ताई म्हणते, मुलांना सांगून झालंय. "बाबा आता वेगळ्या घरी राहणार" असं एकदा जेवताना सांगितलं, मुलांनी मान डोलावली, विषय संपला. ती म्हणते, पुन्हा कशाला जखम उकरायची? पण पाच वर्षांच्या मुलीला एकदा सांगून काय कळलं असेल? पुन्हा सांगायचं तर कसं?

शब्दसावली

लहान मुलांना काय कळतं याचं एक बोलकं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या बालवयातल्या मुलांसाठीच्या एका अतिशय नावाजलेल्या टीव्ही कार्यक्रमाने १९९२ मध्ये घटस्फोटावर एक भाग तयार केला. त्यातल्या एका लाडक्या पात्राचे आईवडील वेगळे होतात अशी गोष्ट. तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, काळजीपूर्वक लिहिलेली. प्रसारणापूर्वी तो भाग लहान मुलांच्या गटांना दाखवून पाहिला. बाबा मुलांना भेटत राहणार, आईबाबांचं मुलांवर प्रेम आहेच, हे सगळं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. तरी बऱ्याच मुलांच्या मनावर ठसलं ते उलटंच: बाबा आता कधीच दिसणार नाहीत, आणि भांडण झालं की घटस्फोट होतो. तो भाग प्रसारित झाला नाही.

एवढ्या तयारीने सांगूनही मुलांना वेगळंच कळलं, तर जेवताना एकदा सांगितलेल्या वाक्याचं काय झालं असेल! पाच वर्षांच्या मुलीला "वेगळ्या घरी" याचा अर्थ लागत नाही. तिला ते घर दाखवा. तिची चादर तिथे कुठे असेल, दात कुठे घासायचे, कोणत्या वारी जायचं, हे कॅलेंडरवर रंगवून भिंतीला लावा. "मोठ्यांच्या गोष्टीमुळे झालं, तू काही केल्यामुळे नाही झालं" हे अनेकदा सांगावं लागेल, प्रत्येक वेळी नव्याने. शक्य असेल तर दोघांनी एकत्र बसून सांगावं, आणि त्यात काय बदलणार यापेक्षा काय बदलणार नाही हे जास्त असावं: शाळा तीच, मावशी तीच, झोपताना गोष्ट तशीच.

ती "किती वाजता येणार?" विचारते ना, त्याचं उत्तर नेहमी द्या. खरं द्या, आणि उशीर झाला तर कळवा. या वयात भरवसा शब्दांपेक्षा वेळ पाळण्यातून परत येतो. अंगठा, अंथरूण ओलं होणं, बोबडं बोलणं हे काही काळ चालतं. त्यावरून रागवू नये, चिडवू तर मुळीच नये. महिनोन् महिने तसंच राहिलं किंवा खाणंझोपणंच बिघडलं तर तज्ज्ञाला दाखवावं.

सहासात वर्षांची मुलं उघड रडतात आणि आईबाबा पुन्हा एकत्र येतील याची वाट बघतात. काही मुलं आजारी पडून, गुण मिळवून, भांडून दोघांना एका खोलीत आणायचा प्रयत्न करतात. नऊ ते बारा हे वय न्यायनिवाड्याचं. कोण चूक, कोण बरोबर हे ठरवावंसं वाटतं, आणि दुबळा दिसणाऱ्या पालकाची बाजू घेतली जाते. तुमचा भाचा या वयात आहे. तो आईला पाणी आणून देतो ते प्रेमाने देतो, त्याला अडवू नका. पण ताईने त्याच्यासमोर आपला आधार कोण आहे हे दिसू द्यावं. "मला वाईट वाटलं की मी तुझ्या मावशीशी बोलते" असं सांगावं. मग पाणी आणणं ही त्याची जबाबदारी राहत नाही.

दोनघरी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मुलगी सात वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो, ती मुख्यतः आईकडे असते.

माझ्याकडे येते तेव्हा सुरुवातीला सगळेच सांगायचे, फिरायला ने, मजा करा. मला ते पटलं नाही. मजा पाहुण्यांबरोबर करतात. तिचा गृहपाठ माझ्याकडे होतो. तिचे केस मी विंचरतो, शिकून घेतलंय. एक कपाट पूर्ण तिचं आहे, पिशवी भरून आणावी लागत नाही. कंटाळा आला तर कंटाळा येऊ देतो. घरात आपण कंटाळतोच की.

फोनचं सांगतो, नव्याने वेगळ्या झालेल्या बापांना उपयोगी पडेल. लहान मूल फोनवर गप्पा मारत नाही. "काय केलंस?" "काही नाही." मग वाटतं, तिला बोलायचंच नाही. तसं नसतं, त्यांना समोर काहीतरी लागतं. आमच्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. व्हिडिओ कॉलवर मी वाचतो, ती तिच्या प्रतीत पानं उलटते. आता मोठी झालीय तर ती वाचते आणि मी ऐकतो.

तिच्या आईशी माझं आजही जमत नाही. पण मुलीबद्दलचं सगळं आम्ही एकमेकांना लिहून कळवतो. औषध, शाळा, वेळ. त्यापलीकडे एक शब्द नाही. ठरवण्याच्या वेळी आम्ही मध्यस्थाकडे बसलो होतो. वकिलांकडून पत्रं यायला लागली असती तर एवढंही उरलं नसतं असं मला वाटतं.

शब्दसावली

दोनघरी, तुमच्या शेवटच्या वाक्याला आधार आहे. रॉबर्ट एमरी यांनी व्हर्जिनियात मुलांच्या ताब्यावरून वाद असलेली कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली, काहींना मध्यस्थी, काहींना नेहमीची न्यायालयीन लढत. मध्यस्थीला सरासरी पाचसहा तास लागले. बारा वर्षांनी पाहिलं तेव्हा वेगळ्या राहणाऱ्या पालकांपैकी आठवड्यातून किमान एकदा मुलांना भेटणारे मध्यस्थीच्या गटात २८ टक्के होते, लढतीच्या गटात ९ टक्के. नमुना लहान होता, पण पाचसहा तासांच्या बोलण्याची सावली बारा वर्षं पडते हे मला फार मोलाचं वाटतं. (हिंसा असेल तिथे मध्यस्थीचा आग्रह धरू नये. पुन्हापहाट, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते.)

अधलीमधली

मी वीस वर्षांची आहे. मी शिकायला बाहेर पडले आणि त्याच वर्षी आईबाबांनी वेगळं व्हायचं ठरवलं. "तू मोठी होईपर्यंत थांबलो होतो," असं मला सांगितलं गेलं.

जुनाजाणता आजोबा, तुम्ही म्हणता तशी दहा वर्षं माझ्या घरच्यांनी काढली. मला आता प्रत्येक जुन्या फोटोकडे बघून वाटतं, या दिवशी हे खरंच हसत होते का? माझं बालपण खरं होतं की माझ्यासाठी उभं केलेलं होतं, हे मी कोणाला विचारू? वर दोघंही मला मैत्रीण समजून सगळं सांगतात. आई बाबांबद्दल सांगते, बाबा आईबद्दल. माझ्या वयामुळे कोणाला वाटतच नाही की मी अजून त्यांची मुलगी आहे.

गेल्या महिन्यात दोघांना सांगितलं, "हे तुमच्या मित्रमैत्रिणींना सांगा, मला नका सांगू." बाबांना पटलं. आई दुखावली आहे, पण मी मागे घेणार नाही.

उत्तरायण

अधलीमधली, मागे घेऊ नकोस. मला हे वाक्य म्हणायला पस्तिशी उजाडली. फोटोंबद्दल मात्र एक सांगू? मी वडिलांना एकदा थेट विचारलं होतं, तेव्हा आनंदात होतात का? ते म्हणाले, तुझ्याबरोबर होतो. तुझी आई आणि मी, तो वेगळा हिशोब. मला ते पुरलं. तूही विचारून बघ, दोघांना वेगवेगळं.

जुनाजाणता

अधलीमधली, बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. थांबण्याचीही किंमत असते, आणि ती मुलंच भरतात, हे मला या बाजूने कोणी सांगितलं नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, पण विचारात पडलोय.

शब्दसावली, एक विचारतो. आम्हा आजीआजोबांनी काय करावं? माझ्या पुतण्याच्या घरी असंच घडू घातलंय आणि नात आमच्याकडे फार येते. आमच्या घरात तिच्या आईबद्दल जे बोललं जातं ते चांगलं नसतं.

शब्दसावली

आजोबा, ते बोलणं थांबवा. तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्या एका वाक्याने थांबेल. मूल स्वतःला अर्धं आईचं, अर्धं बाबांचं समजतं. आई वाईट म्हटलं की आपल्यातला तेवढा भाग वाईट, असं ते धरून चालतं. ती तुमच्याकडे आईचा विषय काढेल तेव्हा सहज बोला, "हो का? काय केलंत मग?" एवढंसुद्धा पुरतं. तिला समजलं पाहिजे की या घरात आईचं नाव घ्यायला मनाई नाही.

बाकी तुम्ही जसे होतात तसेच राहा. दोन घरांच्या मध्ये तिसरं घर अजिबात न बदललेलं असेल तर ते मुलांना फार धरून ठेवतं.

आणि ज्यांच्याकडे मुलं राहतात त्या आईवडिलांसाठी: ॲरिझोनात शार्लीन वोल्चिक आणि अर्विन सँडलर यांनी ९ ते १२ वर्षांची मुलं असलेल्या २४० कुटुंबांबरोबर एक कार्यक्रम राबवला. त्यात आयांना मुलांशी रोज थोडा निवांत वेळ घालवणं, मध्ये न बोलता ऐकणं, शिस्तीत सातत्य ठेवणं आणि भांडणापासून मुलांना दूर ठेवणं शिकवलं. सहा वर्षांनी त्या घरांतल्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण नुसती पुस्तकं दिलेल्या गटापेक्षा स्पष्ट कमी होतं. थकलेल्या आईला हे सगळं एकदम जमणार नाही. रोजची पंधरा मिनिटं, फोन बाजूला ठेवून, इथून सुरुवात करता येते.

काठावरची

थोडं कळवते. ताईला आणि भाऊजींना वेगवेगळं भेटले. उत्तरायण यांच्या आत्याचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, "याच्या तोंडी निरोप नाही, हवं तर मला फोन करा." भाऊजींनी लगेच मान्य केलं. ताईला आधी राग आला, "मी कुठे निरोप पाठवते?" मग स्वतःच आठवून गप्प झाली.

पोहण्याचं मी तिला सांगितलं नाही, भाच्याने विश्वासाने सांगितलं होतं. भाऊजींनीच तिला लिहून कळवलं. तिने त्याला विचारलं, "तुला आता पाण्यात डोकं घालता येतं म्हणे, कसं घालतोस?" तो आधी तिच्याकडे बघत राहिला. मग बोलायला लागला तो थांबेचना.

आणि दोन दिवसांनी त्याच मुलाने ताईवर एवढा आरडाओरडा केला, दार आपटलं, "तुझ्यामुळे झालं सगळं" म्हणाला. ताई रडत मला फोन करतेय की तुझं ऐकून बिघडलं. खरंच बिघडलं का?

शब्दसावली

नाही. एवढे महिने आत कोंडलेला राग आहे हा. ज्याच्यासमोर रागावलं तरी तो आपल्याला सोडून जाणार नाही अशी खात्री वाटते, त्याच्यावरच मुलं तो काढतात. ताईला सांगा, बचाव करू नकोस, बाबांचे दोष सांगू नकोस. "तुला राग आलाय, येणारच. माझ्यावर ओरडलास तरी मी इथेच आहे. दार मात्र आपटायचं नाही" एवढं बोलून थांबायचं. राग चालेल, मोडतोड चालणार नाही. पुढचे काही आठवडे असे उद्रेक होतील. स्वतःला इजा करण्याचं बोलला, शाळेत जायलाच नकार दिला किंवा मित्र तोडून टाकले तर थांबू नका, बालमानसतज्ज्ञाकडे न्या.

रानवाट

इतके दिवस नुसती वाचत होते, आता विचारतेच. आमच्या नात्यातल्या मुलाला, तो बारा वर्षांचा आहे, दोन्हीकडची माणसं एकच विचारत आहेत, "तुला कोणाकडे राहायचंय?" कोणी म्हणतं, त्याचा हक्क आहे, त्याला ठरवू द्या. मुलाने आता जेवणं कमी केलंय. विचारायचं की नाही विचारायचं?

शब्दसावली

त्याचा हक्क आहे हे खरं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १२ सांगतं की आपल्याशी संबंधित गोष्टींत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि वय आणि समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. कलम ९ सांगतं की वेगळं राहावं लागलेल्या मुलाला, त्याच्या हिताविरुद्ध नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क आहे. पण म्हणणं ऐकलं जाणं आणि निवाडा करायला लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. "कोणाकडे?" या प्रश्नाला त्याच्याकडे एकही असं उत्तर नाही ज्याने कोणी दुखावलं जाणार नाही. म्हणून त्याचं जेवण कमी झालंय.

त्याऐवजी विचारा: शाळेच्या दिवसांत कुठून जाणं सोपं पडतं? कोणते मित्र कुठे आहेत? दुसऱ्या घरात रात्री काय नसलं की झोप येत नाही? कोणता वार बदलायला आवडेल? हे विचारणारा माणूस शक्यतो दोघांपैकी कोणी नसावा. समुपदेशक, शिक्षक किंवा दोन्ही बाजूंचा विश्वास असलेलं नातेवाईक चालेल. आणि बोलण्याच्या सुरुवातीलाच त्याला स्पष्ट सांगायचं, "तुझं म्हणणं आम्ही ऐकणार आहोत, पण ठरवणार मोठी माणसं आहेत. जे ठरेल त्याची जबाबदारी आमची. आईने किंवा बाबांनी विचारलं, तू काय सांगितलंस, तर त्यांना माझ्याकडे पाठव."